७१ च्या एफसी १५० पिकअपमध्ये ट्रॅक्सचं डिझेल इंजिन बसवू का?

अंजीरवाला (हडपसर)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे महिंद्राचं एफसी १५० पिकअप आहे, १९७१ च्या नोंदणीचं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, या गाडीला नाकच नाही. ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकावर बसतो आणि इंजिन दोन सीटच्या मध्ये, पत्र्याच्या पेटीखाली. अण्णा यातून सासवडहून अंजीर मार्केट यार्डात आणायचे. पहाटे तीनला निघायचं. थंडीत मी त्या पेटीवरच झोपायचो, कारण गाडीत तेवढीच जागा उबदार. अण्णांच्या चहाच्या ग्लासाचा गोल डाग अजून पेटीवर आहे, रंगाऱ्याला मी तो घासू दिला नाही.

आता मुद्द्याचं. गाडी रविवारी शेतावर जाते, येताना घरच्या दोन-चार क्रेट. पेट्रोल शंभरच्या वर आणि ही लिटरला देते सहा किलोमीटर. तेही चाललं असतं, पण गेल्या उन्हाळ्यापासून दिवे घाट चढताना वरच्या वळणांवर बंद पडते. वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते. एकाने कार्ब्युरेटरचे चौदा हजार घेतले, तरी तेच. आता म्हणतो इंजिन संपलं, डिझेल टाका.

मेव्हण्याची ट्रॅक्स (फोर्सची जीप) मोडीत निघाली आहे, तिचं ओएम ६१६ डिझेल इंजिन फुकट मिळतंय. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणाऱ्या अ‍ॅडाप्टर प्लेटचे भोसरीचा लेथवाला अठरा हजार सांगतो. जुना तीन गिअरचा बॉक्स टिकेल का? आणि आरटीओचं काय?

बुलेटराजा_कोथरूड

टाका बिनधास्त! मर्सिडीजचं डिझाइन, बनलंय आपल्या आकुर्डीत. बैल आहे बैल. चार लाख किलोमीटर बघितलेली आहेत.

संगमपूल

बैल आहे हे खरं, पण तो कागदावर कुठे बांधणार? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवरच्या नोंदी उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळ्या होतील असा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या कायदा-दुरुस्तीत कलम १८२ए आलं : मालकाने परवानगीबाहेर बदल केला तर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीएनजी, एलपीजी, बॅटरीच्या मान्यताप्राप्त किटसाठी कायद्यात वाट आहे. मोडीतल्या ट्रॅक्सचं इंजिन म्हणजे किट नव्हे. आरसीवर पेट्रोल आणि पेटीखाली डिझेल अशी गाडी कुणाला धडकली, तर विमा कंपनीला हात वर करायला तुम्हीच कारण दिलंत.

दुसरं, तुमची गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे. २०२१ च्या नियमांनी खासगी वापराच्या अशा गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते. फी २०,०००, मुदत दहा वर्षं. पण चासी, बॉडी, इंजिन मूळचं हवं. इंजिन बदललंत की ते दार बंद. अर्थात व्हिंटेज झाली की प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. अंजिराच्या क्रेट त्यात बसत नाहीत.

जुना_फिटर

अंजीरवाले, मी पिंपरीत एकतीस वर्षं फिटर होतो, आणि पेट्रोल जीपला डिझेल बसवण्याचे उद्योग ऐन उमेदीत भरपूर केले. तेव्हा अख्खा महाराष्ट्र तेच करत होता. म्हणून ऐका.

प्लेट म्हणजे दोन भोकांचे नकाशे जुळवलेला पत्रा नव्हे. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यावे लागतात. फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) बांधून बेल हाऊसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कवचाच्या, भोकात फिरवायचं, पाच थाऊच्या (इंचाचे पाच हजारांश) आत काटा राहिला पाहिजे. आणि प्लेट डॉवेलवर (जागा पक्की करणाऱ्या घट्ट पिनांवर) बसवायची, नुसत्या बोल्टवर नाही. हे मी शहाणपणाने सांगत नाही. एका भाजीवाल्याच्या जीपला मी बोल्टवर बसवली होती. दोन महिन्यांनी खंबाटकीत तिसऱ्यातून गिअर सुटायला लागला. बॉक्स उतरवला तर पायलट बेअरिंगचा चुरा आणि शाफ्टचं टोक निळं पडलेलं. त्याचे पैसे मी परत दिले, बायकोला सांगितलं नाही.

लेथवाल्याला एकच विचारा, डायल गेज लावून देणार का? तो हसला तर उठून या.

तुमच्या गाडीत तर आणखी भानगडी. इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्या डोक्यावर आहे. चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) आणि अ‍ॅक्सल यांत उभी असताना चार बोटं दिसतील, पण खड्ड्यात पाटे दबले की दोन सूतही उरत नाही. चेंबर कापून वेल्ड करावं लागेल. ओएम ६१६ जडही आहे. या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) ८१ इंच, वजन आधीच पुढे. रिकाम्या गाडीचा जोरात ब्रेक मारलात की मागची चाकं हलकी होतात, त्यात पुढे आणखी लोखंड आणि ब्रेक जुने ड्रमचे. घाट उतरताना मजा नाही. मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर रेशो ५.३८ असेल तर तीन हजार आरपीएमला ७५-८० च्या पुढे जाणार नाही, आणि तो सगळा खडखडाट तुमच्या डाव्या मांडीला लागून. त्या पेटीवर पोर झोपणार नाही.

पण मला विचाराल तर तुमचं इंजिन संपलेलंच नाही. संपलेलं इंजिन वीस मिनिटं थांबून बरं होत नाही. हे एक तर पेट्रोलची वाफ आहे, नाही तर तापून बसणारी कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारी. बंद पेटीत पेट्रोलचा पंप भाजतो, पाइपात वाफ धरते आणि पंप नुसती हवा ओढतो. आणि आता पेट्रोल ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलने वाफ लवकर धरते, आणि जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा फुगतो ते वेगळंच.

पुढच्या वेळी बंद पडली की बॉनेट शोधू नका (नाहीच आहे!). पेटी काढा, हाताला जपा. एक प्लग काढून वायरला लावा, बॉडीला टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पेट्रोलपासून लांब धरा. ठिणगी निळी असेल तर कॉइल निर्दोष. मग ओलं फडकं पंपावर टाका. पाच मिनिटांत चालू झाली तर चोर सापडला. घरी आल्यावर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या, सगळे शंभर पीएसआयच्या वर आणि एकमेकांत दहाचा फरक असेल तर त्या इंजिनाला हात लावू नका.

अंजीरवाला

काका, रविवारी पत्नीला सेल्फवर बसवून केलं. वरून तिसऱ्या वळणावर बंद पडली. ठिणगी निळी, कडक. उपरणं पाण्यात बुडवून पंपावर ठेवलं, चर्रर्र आवाज आला. सहाव्या मिनिटाला चालू! कॉम्प्रेशन ११५, ११०, ११५, १०८. पंप उघडला तर पडदा पापडासारखा वाकडा, आणि पाइप आतून बोटाला काळा लागतोय.

चौदा हजारांचं दुःख वेगळं लिहीन.

जुना_फिटर

मस्त इंजिन आहे हो! इथेनॉल चालणारे पाइप घ्या, दुकानदाराला छापलेलं दाखवायला सांगा. कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ चासीवर बसवा, तीन पीएसआयच्या आसपासचा. इंजेक्शनच्या गाडीचा जास्त दाबाचा पंप उचलून आणू नका, कार्ब्युरेटर ओसंडून वाहील आणि पेटीत पेट्रोल साचेल. इग्निशनला रिले लावा, म्हणजे चावी बंद केली की पंपही बंद. पाइप एक्झॉस्टपासून लांब न्या, मध्ये पत्र्याचा आडोसा करा.

सहाचं सात होईल, फार आशा धरू नका. आणि ते ओएम ६१६ मेव्हणे भंगारात देणार असतील तर आधी मला कळवा. माझ्या भाच्याच्या ट्रॅक्सचा हेड गेलाय.

अंजीरवाला

कळवतो. हेड घेऊन जा, बदल्यात पंप बसवायला या. जेवण आमच्याकडे.