तेल लागले, पण काही जाणवले नाही. मग अभिषेक झाला का?

रंकाळाकाठ
जय ख्रिस्त. गेल्या महिन्यात इथे कोल्हापुरात एका उपास-प्रार्थनेत बाहेरून आलेल्या प्रचारकांनी सर्वांच्या कपाळाला तेल लावले. शेजारचे दोघे थरथरू लागले, एक बाई खाली पडल्या. मला मात्र तेलाचा ओघळ भुवईपर्यंत उतरला एवढेच जाणवले. तेव्हापासून आत्या म्हणते, "तुझा अजून अभिषेक झालेला नाही." बाप्तिस्मा व दृढीकरण (मंडळीत विश्वास जाहीरपणे पक्का करण्याचा विधी) होऊन पंधरा वर्षे प्रभुभोजन घेणाऱ्याचे नेमके काय राहून गेले?

पंचगंगा
आपल्याकडे अभिषेक म्हटले की डोळ्यांसमोर देवळातील दुधाची धार येते, नाहीतर १६७४ सालचा रायगड. पवित्र शास्त्रातील अभिषेक मला रायगडाच्या जवळचा वाटतो. संदेष्टा शमुवेलाने मेंढपाळ दावीदाच्या मस्तकावर शिंगातले तेल ओतले आणि परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर आला (१ शमुवेल १६:१३), परंतु त्याच अध्यायात पुढे राजा शौलाचे जासूद येतात तेव्हा हा अभिषिक्त मेंढरांपाशीच आहे. सिंहासन मिळाले ते तिसाव्या वर्षी. अभिषेक ही नेमणूक आहे, अंगात येणे नव्हे.

निवृत्त पाळक
'ख्रिस्त' या ग्रीक शब्दाचा आणि 'मशीहा' या इब्री शब्दाचा अर्थ एकच, अभिषिक्त. म्हणून जो ख्रिस्ताचा, त्याला त्याच्या अभिषेकात वाटा आहे. काही जण मंडळी सोडून गेल्यानंतर जे मागे राहिले, त्या साध्या विश्वासणाऱ्यांनाच योहान लिहितो की तुमचा अभिषेक झालेला आहे आणि तो तुमच्यात राहतो (१ योहान २:२०, २७). आजाऱ्याला तेल लावण्याविषयी याकोब ५:१४ मध्ये ग्रीक क्रियापदही 'अभिषेक करणे' याहून वेगळे आहे. आणि ज्या पवित्र अभिषेकाच्या तेलासाठी निर्गम ३० मध्ये गंधरस ५०० शेकेल (वजनाचे जुने माप), दालचिनी २५० शेकेल असे माप दिले आहे, तसे दुसरे तेल बनवण्यासच तिथे मनाई आहे. 'अभिषेकाचे तेल' म्हणून बाटल्या विकणाऱ्यांनी तो अध्याय शेवटपर्यंत वाचावा.

बावड्याचा वाचक
पाळकसाहेबांशी सहमत आहे, तरी थरथरणाऱ्यांना खोटे ठरवू नये. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला (पेन्टेकॉस्टला) आत्मा मिळालेले प्रेषितही पुढे पुन्हा आत्म्याने भरून गेले (प्रेषितांची कृत्ये ४:३१). त्या वेळी जागा हादरली खरी, पण त्यानंतर ते धैर्याने वचन बोलू लागले. आत्यांना विचारायचेच असेल, तर त्या सभेनंतर कोण काय करू लागले, हे विचारा.

रंकाळाकाठ
खाली पडलेल्या बाई त्यानंतर दर बुधवारी रुग्णालयात आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला जातात, हे आत्यानेच सांगितले. मी अजून कुठेच गेलेलो नाही.