व्हीएमच्या क्यूकाऊ२ डिस्कमधून कर्नल आणि इनिटआरडी बाहेर कसं काढायचं?

चिंचवडचा_पेंग्विन
मंडळी जरा मदत हवीय. लॅपटॉपवर उबुंटू आहे आणि त्यात व्हर्ट-मॅनेजरखाली उबुंटू २४.०४ ची एक व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) आहे, क्लाउड इमेजवरून (उबुंटूची आयती डिस्क) बनवलेली, डिस्क क्यूकाऊ२ (क्यूएमूचा व्हर्च्युअल डिस्कचा फाइल-प्रकार). परवा आत अपग्रेड मारला, रीबूट केलं आणि तेव्हापासून कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सचा गाभाच बूट होताना कोसळतोय. शेवटची ओळ अशी की रूट फाइलसिस्टिम माउंट होत नाही, अननोन-ब्लॉक (०,०). आत प्रोजेक्टचा डेटाबेस आहे त्यामुळे उडवून नवीन बनवता येत नाही. ग्रबचा (बूटलोडरचा) मेनू दिसतच नाही, टाइमआउट शून्य आहे बहुतेक, एस्केप दाबून दाबून बोट दुखलं. एक मित्र म्हणाला की कर्नल आणि इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टिम) बाहेरून देऊन बूट करता येतं, पण त्या फाइली तर डिस्कच्या आतच आहेत ना! लूप लावून (फाइललाच डिस्क म्हणून जोडून) माउंट करायला गेलो तर "राँग एफएस टाइप". नेटवर कुठेतरी ऑफसेट १०४८५७६ द्या असं होतं, तेही दिलं, तेच उत्तर. आता काय करू?

रात्रपाळी
ऑफसेटचा तो आकडा रॉ इमेजसाठी असतो. पहिलं पार्टिशन सहसा २०४८ व्या सेक्टरला सुरू होतं, सेक्टर ५१२ बाइटचा, गुणाकार केला की १०४८५७६. पण क्यूकाऊ२ म्हणजे सरळ डिस्कची प्रत नाही, त्यात क्लस्टर आणि त्यांचे टेबल असतात, लिहिलेला भागच फाइलमध्ये असतो आणि तोही कुठल्याही क्रमाने. लूप डिव्हाइसला ते काही कळत नाही, त्यामुळे आकडा कितीही बरोबर असला तरी तिथे पार्टिशन सापडणारच नाही.

आधी व्हीएम पूर्ण बंद कर, पॉज किंवा सेव्ह केलेली नको. मग क्यूएमूचंच (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) एनबीडी वापर, ते इमेज डिस्क म्हणून लॅपटॉपला जोडतं: सुडोने मॉडप्रोब एनबीडी, मग क्यूएमू-एनबीडी --रीड-ओन्ली --कनेक्ट=/डेव्ह/एनबीडी० आणि पुढे डिस्कचं नाव. एलएसबीएलके केलं की एनबीडी०पी१ वगैरे दिसतील. हवं ते पार्टिशन आरओ,नोलोड देऊन माउंट कर, फाइली कॉपी कर, अनमाउंट, आणि शेवटी --डिस्कनेक्ट विसरू नको. दोन मिनिटांचं काम आहे.

नोलोड का, तर व्हीएम पॅनिकमध्ये मेलीय म्हणजे जर्नल (फाइलसिस्टिमची बदलांची नोंदवही) अर्धवट राहिलेलं असू शकतं. एक्स्ट४ रीड-ओन्ली माउंट करतानासुद्धा जर्नल रीप्ले करायला बघतं आणि डिव्हाइस रीड-ओन्ली असलं की अडून बसतं. एक्सएफएस असेल तर तिथे नोरिकव्हरी म्हणायचं.

सह्याद्री_सर्व्हर
रात्रपाळी, पद्धत चालेल पण नवख्या माणसाला पहिली हीच नको सांगू. होस्टच्या (लॅपटॉपच्या) कर्नलला थेट गेस्टची (व्हीएमची) फाइलसिस्टिम खायला घालायची, तीही रूट होऊन. स्वतःची इमेज आहे तोवर ठीक. कुणीतरी दिलेली इमेज असेल तर मी तरी करणार नाही.

झेनमध्ये (व्हीएम चालवणारी दुसरी प्रणाली) हेच काम पायग्रब करायचं: डोम-झिरोमध्ये (होस्टच्या बाजूला) बसून गेस्टची डिस्क वाचायची, आतली ग्रबची कॉन्फिग बघायची, कर्नल आणि इनिटआरडी बाहेर काढून डोमेन बिल्डरच्या हातात द्यायचं. चालायचं छान, पण गेस्टमधला माणूस आपल्या डिस्कवर काय वाट्टेल ते लिहू शकतो आणि ते वाचणारा प्रोग्राम होस्टवर रूट म्हणून चालतोय, मग व्हायचं ते झालं. २०१६ मध्ये एक्सएसए-१९८ (झेनची सुरक्षा सूचना) आलं पायग्रबच्या आउटपुटमध्ये घुसखोरी करता येते म्हणून, आणि २०२३ मध्ये एक्सएसए-४४३ आलं, त्यात फाइलसिस्टिम वाचणाऱ्या लिबएफएसइमेजमध्येच भोकं निघाली, कारण तो कोड जुन्या ग्रबमधून उचललेला. त्यानंतर पायग्रबला कमी अधिकारात चालवायची सोय झाली.

लिबगेस्टएफएस (डिस्क इमेज आतून वाचायची साधनं) म्हणूनच बरं. ते इमेज उघडायला स्वतःची एक छोटी व्हीएम उठवतं आणि फाइलसिस्टिम तिथे आत वाचतं. काही फुटलं तर त्या छोट्या व्हीएममध्ये फुटेल, तुझा लॅपटॉप सुखरूप. उबुंटूवर पॅकेजचं नाव लिबगेस्टएफएस-टूल्स.

बाइट_अँड_बाकरवडी
+१. आणि त्यात याच कामासाठी तयार कमांड आहे, व्हर्ट-गेट-कर्नल. डॅश ए देऊन डिस्क द्यायची, डॅश ओ देऊन फोल्डर, कर्नल आणि इनिटआरडी दोन्ही समोर. एवढं पुराण कशाला 😄

सह्याद्री_सर्व्हर
एरवी मीही तेच सांगितलं असतं, पण इथे उपयोग नाही. ती कमांड सगळ्यात नवीन आवृत्ती उचलते आणि याची नवीन आवृत्तीच तर बिघडलीय. अननोन-ब्लॉक (०,०) आणि तेही अपग्रेडनंतर लगेच, म्हणजे दहात नऊ वेळा नव्या कर्नलचं इनिटआरडी बनलेलंच नसतं. /बूट भरलं असणार. २४.०४ च्या क्लाउड इमेजमध्ये /बूट वेगळं पार्टिशन आहे, नंबर १६, साधारण ९०० एमबीचं. २२.०४ मध्ये ते रूटमध्येच होतं त्यामुळे हा त्रास नव्हता.

पेंग्विन, तू या क्रमाने जा. पहिलं, व्हर्ट-फाइलसिस्टिम्स --ऑल --लाँग -ए तुझी डिस्क, त्यात पार्टिशनं दिसतील. मग व्हर्ट-एलएस -एल -ए तुझी डिस्क /बूट. कुठल्या आवृत्तीचं व्हीएमलिनझ (कर्नलची फाइल) आहे आणि त्याच आवृत्तीचं इनिटआरडी आहे का, जोड्या लावून बघ. ज्याची जोडी पूर्ण आहे आणि इनिटआरडी बाकीच्यांच्याच मापाचं आहे ती घे. मग व्हर्ट-कॉपी-आउट -ए डिस्क, पुढे त्या दोन फाइलींचे पूर्ण पत्ते, शेवटी बाहेरचं फोल्डर. /बूट मधली नुसती व्हीएमलिनझ नावाची फाइल घेऊ नको, ती सिमलिंक असते, दुसऱ्या फाइलीकडे नुसती बोट दाखवणारी.

एनबीडीने गेलास तर एक लक्षात ठेव, १६ नंबरचं पार्टिशन माउंट केल्यावर फाइली थेट वरच दिसतील, आत बूट नावाचं फोल्डर शोधत बसू नको. आणि पहिलं पार्टिशन माउंट केलंस तर तिथलं /बूट रिकामं दिसेल, घाबरू नको.

चिंचवडचा_पेंग्विन
दादा पहिल्याच कमांडला आपटलो. "सुपरमिन एक्झिटेड विथ एरर स्टेटस १" म्हणतंय. व्हर्च्युअलायझेशन तर चालू आहे, दुसऱ्या व्हीएम मस्त चालतायत.

रात्रपाळी
उबुंटूची जुनी खोड. ते छोटं व्हीएम उठवायला लिबगेस्टएफएस तुझ्या होस्टचाच कर्नल वापरतं, आणि उबुंटूत होस्टच्या /बूट मधलं व्हीएमलिनझ फक्त रूटला वाचता येतं, परवानगी ०६००. सुडो लावून चालव, झालं. सीएचमॉड ०६४४ करूनही चालतं पण पुढचा कर्नल आला की परत तेच. तरी नाही चाललं तर लिबगेस्टएफएस-टेस्ट-टूल चालव, ते लांबलचक ओकतं पण अडकलंय कुठे ते कळतं.

व्हीएमवेअरवाली
मध्येच विचारते, माझ्याकडे ऑफिसचा विंडोज लॅपटॉप आहे आणि व्हीएमडीके (व्हीएमवेअरची डिस्क फाइल) आहे, लिनक्स टाकायची परवानगी नाही. मला काही मार्ग?

बाइट_अँड_बाकरवडी
ताई, सेव्हन-झिप. खरंच. व्हीएमडीके, व्हीडीआय, व्हीएचडी, व्हीएचडीएक्स, क्यूकाऊ२ सगळं उघडतं, आतलं जीपीटी (पार्टिशनचं टेबल) दिसतं, पार्टिशनवर डबल क्लिक केलं की एक्स्ट४ ची फाइलसिस्टिमही उघडते, कर्नल ओढून बाहेर टाका. एक्सएफएस मात्र उघडत नाही, म्हणजे आत रेड हॅट किंवा रॉकी असेल आणि /बूट एक्सएफएस असेल तर अडेल. एलव्हीएमवरचं (पार्टिशनांवरचा अजून एक थर) रूटही कदाचित तसं दिसणार नाही, पण /बूट सहसा एलव्हीएमच्या बाहेर असतं म्हणून बऱ्याचदा निभावतं. व्हीएमवेअरच्या फोल्डरात दोन व्हीएमडीके असतील, एक दोन-चार केबीची आणि एक -फ्लॅट नावाची, तर छोटी नुसती वर्णनाची फाइल आहे, खरा माल फ्लॅटमध्ये, आणि तो चक्क रॉ असतो.

व्हीएमवेअरवाली
उघडलं!! आयटीवाल्यांना तिकीट टाकून बसले होते उगाच.

चिंचवडचा_पेंग्विन
सुडोने चाललं. सह्याद्री दादांचं निदान बरोबर निघालं, /बूट मध्ये ६.८.० चे बरेच कर्नल साठलेत आणि सगळ्यात नव्याला इनिटआरडीच नाही. त्याच्या आधीची जोडी बाहेर काढली. व्हर्ट-मॅनेजरमध्ये बूट ऑप्शन्समध्ये डायरेक्ट कर्नल बूटची टिक लावली, दोन्ही पत्ते दिले, आर्ग्युमेंटमध्ये रूट=/डेव्ह/एसडीए१ दिलं. आता पॅनिक नाही पण इनिटरामएफएसच्या प्रॉम्प्टला येऊन थांबतंय, म्हणे एसडीए१ अस्तित्वात नाही. पण व्हर्ट-फाइलसिस्टिम्सने तर एसडीए१च दाखवलं होतं!

आणि एक बावळट प्रश्न, होस्टचाच कर्नल दिला असता तर? तोही उबुंटूचाच आहे.

सह्याद्री_सर्व्हर
लिबगेस्टएफएस सगळ्या डिस्कना एसडीए, एसडीबी असंच म्हणतं, ती त्याची आतली नावं. तुझ्या व्हीएमला डिस्क व्हर्टआयओने (व्हीएमसाठीचा खास ड्रायव्हर) जोडलेली असणार म्हणून तिथे ती व्हीडीए१. पण नावाच्या भानगडीतच पडू नको, रूट=लेबल=क्लाउडआयएमजी-रूटएफएस असं दे, उबुंटूच्या क्लाउड इमेजचं लेबल तेच असतं. लेबल शोधायचं काम इनिटआरडी करतं, एकट्या कर्नलला ते जमत नाही, म्हणून दोन्ही फाइली एकाच आवृत्तीच्या हव्यात. कन्सोल=टीटीवायएस० पण जोड म्हणजे सिरियलवर काय चाललंय ते दिसेल. नेमकी ओळ हवी असेल तर /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी पण तसंच बाहेर काढून वाच. फेडोराच्या इमेजमध्ये मात्र ती ओळ ग्रब.सीएफजीत शोधू नको, ३० पासून ती /बूट/लोडर/एंट्रीज मधल्या छोट्या फाइलींत गेलीय.

होस्टचा कर्नल दिलास तर कदाचित रूट माउंट होईलही, पण त्या आवृत्तीची मॉड्यूलं गेस्टच्या /लिब/मॉड्यूल्स मध्ये नाहीत. मग कुठे नेटवर्क नाही, कुठे अजून काही नाही, आणि तू भलतीकडेच शोधत बसशील. त्याच डिस्कमधून काढायचं ते याचसाठी.

रात्रपाळी
फाइली घरच्या फोल्डरात ठेवल्या असशील तर "परमिशन डिनाइड" पण येऊ शकतं, उबुंटू २१.०४ पासून होम फोल्डर ७५० असतं आणि क्यूएमू वेगळ्या युजरने चालतं. /व्हार/लिब/लिबव्हर्ट/इमेजेस मध्ये टाक.

फायरक्रॅकर_फॅन
पुढे कुणी हेच कर्नल फायरक्रॅकरला (छोट्या व्हीएम चालवणारा प्रोग्राम) द्यायला बघत असेल तर, एक्स८६ वर ते व्हीएमलिनझ तसंच घेत नाही, त्याला उलगडलेलं ईएलएफ व्हीएमलिनक्स लागतं. कर्नलच्या सोर्समध्ये स्क्रिप्ट्स फोल्डरात एक्स्ट्रॅक्ट-व्हीएमलिनक्स नावाची छोटी स्क्रिप्ट आहे, ती हे काम करते. क्यूएमूला ही कटकट नाही.

चिंचवडचा_पेंग्विन
आलं वर!!! लेबल दिलं आणि सरळ लॉगिन प्रॉम्प्ट. डीएफ मारलं, /बूट १०० टक्के. एपीटीने दोन-तीन सगळ्यात जुने कर्नल काढले, मग डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, त्याने अडकलेलं इनिटआरडी बनवलं, अपडेट-ग्रब केलं. डेटाबेसचा डंप आधी काढून घेतला. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, पुण्यात आलात तर चहा माझ्याकडून.

सह्याद्री_सर्व्हर
डायरेक्ट कर्नल बूटची टिक काढलीस का? राहिली तर व्हीएम दरवेळी बाहेरच्या जुन्याच फाइलीने उठेल. आत कितीही कर्नल अपग्रेड झाले तरी यूनेम तेच दाखवेल, आणि एक दिवस ऑटोरिमूव्ह त्या आवृत्तीची मॉड्यूलं पुसून टाकेल.

चिंचवडचा_पेंग्विन
नव्हती काढली 😅 आता काढली, नव्या कर्नलवर उठलंय.