११ महिन्यांनंतर पुन्हा गर्द ओढली. बायकोला कसं सांगू?

पोळीभाजीवाला | सोमवार, रात्री ११:४०

वय ३६. कल्याणला मी आणि बायको पोळीभाजी केंद्र चालवतो. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, सुटून ११ महिने झाले होते. गुरुवारी परत ओढली. शनिवारी पुन्हा. घरी अजून कुणाला माहीत नाही.

कसं झालं ते सांगतो, कारण डोक्यात सारखं तेच फिरतंय. मी व्यसनमुक्ती सेंटरमधून आलो त्या दिवशीच बायकोनं दुकानातली ॲल्युमिनियम फॉइल बंद केली. सगळ्या पोळ्या बटर पेपरमध्ये. गिऱ्हाइकं म्हणायची पोळ्या गार होतात, तिनं ऐकलं नाही. गुरुवारी साखरपुड्याची १५० पोळ्यांची ऑर्डर होती. बटर पेपर संपला, ती मुलीला शाळेतून आणायला गेलेली. मी शेजारच्या दुकानातून फॉइलचा रोल आणला. पहिला तुकडा फाडला आणि त्या आवाजासरशी पोटात अशी कळ आली की थेट संडासात पळालो. ज्यानं पन्नीवर, म्हणजे फॉइलवर, गर्द ओढली आहे त्याला ही कळ माहीत असेल. ऑर्डर पोचवली, पैसे खिशात आले आणि मी घरी न येता स्टेशनवर गेलो. पुढचं लिहीत नाही.

बायको रोज रात्री ओटा पुसून झाला की कालनिर्णयवर त्या तारखेला एक लाल टिकली लावते, स्वतःच्या पाकिटातली. महिना संपला की मुलगी त्या मोजते. सात वर्षांची आहे. गुरुवारपासून आजपर्यंत पाच टिकल्या लागल्या आणि पाचही वेळा मी शेजारी उभा होतो.

आता सगळं शून्यावर आलं का? शून्यच असेल तर परवा आणि आज यात फरक काय, हा विचार रात्री फार येतो. नाल्ट्रेक्सोनच्या, म्हणजे गर्दची नशा चढू न देणाऱ्या, गोळ्या मी आठव्या महिन्यात बरं वाटतंय म्हणून स्वतःच बंद केल्या होत्या. एक पट्टी कपाटात आहे. उद्या सकाळी ती घेऊन, कुणाला काही न सांगता परत सुरुवात करावी असं वाटतंय. चालेल का?

वॉर्डसिस्टर | सोमवार, रात्री १२:१०

भाऊ, ती गोळी उद्या घेऊ नका. म्हणून झोपायच्या आधी लिहितेय. शेवटच्या गर्दनंतर साधारण ७ ते १० दिवस गेल्याशिवाय नाल्ट्रेक्सोन सुरू करत नाहीत. अंगात गर्द असताना ती घेतली तर टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, हळूहळू न येता एकदम अंगावर येते, उलट्या-जुलाबांनी माणूस ॲडमिट होतो. तुम्ही दोनदाच ओढलीत म्हणून त्रास होणार नाही असं धरून चालू नका. डॉक्टर तपासून ठरवतील.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ११ महिन्यांत शरीराची सवय उतरलेली असते. पूर्वी जेवढी पुडी पचायची तेवढ्यानं आता श्वास थांबू शकतो. आमच्याकडे कॅज्युअल्टीत आलेले असे पेशंट मी पाहिलेत, कुणी सेंटरमधून तर कुणी तुरुंगातून नुकताच बाहेर पडलेला. ओठ निळे, घोरल्यासारखा श्वास, हाक मारून जाग नाही. अशा वेळी १०८ ला फोन करायचा. नालोक्सोनचं, म्हणजे गर्दचा असर उतरवणारं, इंजेक्शन वेळेत मिळालं तर माणूस वाचतो. पण फोन करायला शेजारी कुणीतरी हवं ना? लपून ओढणाऱ्याच्या शेजारी कुणी नसतं. त्यामुळे बायकोला सांगणं हा मी उपचाराचाच भाग समजते.

उद्या तुमच्या डॉक्टरांकडे जा. नाल्ट्रेक्सोन जमत नसेल तर जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिनची गोळी असते, सरकारी ओएसटी केंद्रांत, म्हणजे गर्दऐवजी औषध देणाऱ्या केंद्रांत, समोर बसवून देतात. रात्री फारच अस्वस्थ झालात तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.

पांढराटॅग | मंगळवार, सकाळी ७:१५

सिस्टर बोलल्या ते आधी कर. मग हे वाच.

मी ५८ वर्षांचा. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये उभं राहिलं ते गर्दच्याच साथीमुळे, आणि त्या साथीतला मी एक. मीही पडलो. एकदा नाही. एनएच्या, म्हणजे नार्कोटिक्स ॲनॉनिमस या नशा सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगमध्ये नव्यानं सुरुवात करणाऱ्याला पांढरा की-टॅग देतात. माझ्याकडे तसे चार आहेत. चौथा घेऊन १७ वर्षं झाली.

शून्य कशाचं रे? ११ महिने पहाटे उठून कणीक मळलीस, मुलीला तिचा बाप मिळाला, ते शनिवारी कुणी काढून नेलं का? गुरुवारची ती स्लिप, म्हणजे एकदा पाय घसरणं. शनिवार मात्र 'आता गेलंच आहे तर' यातून आला. ॲलन मार्लाट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं याच विचाराचा अभ्यास केला होता. एक झुरका मारल्यावर माणूस स्वतःला ठरवून टाकतो की आपण संपलो, आणि तसं ठरवल्यामुळे दुसरा मारतो. तुला रात्री जो विचार येतो तो हाच आहे. त्याला ओळखून ठेव.

आणि एक विचारतो, रागावू नकोस. फॉइल गुरुवारी आली. गोळ्या आठव्या महिन्यात बंद झाल्या. मीटिंगला शेवटचा कधी गेलास? ते तू लिहिलंच नाहीस.

नाशिकचीवहिनी | मंगळवार, दुपारी ३:०५

भाऊ, मी तुमच्या बायकोच्या जागेवर बारा वर्षं काढली आहेत.

सांगा, आणि आजच सांगा. पण मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेऊ नका. माझ्या नवऱ्यानं मुलाची शपथ घेतली, ती मोडली, आणि त्याच आठवड्यात मुलाला टायफॉइड झाला. आपल्या आजाराला बाबा कारण आहेत असं ते पोर कितीतरी महिने धरून बसलं होतं. त्याच्या मनातून ते काढायला जेवढा वेळ लागला तेवढा टायफॉइड बरा व्हायलाही लागला नाही.

पायही धरू नका. पाय धरले की माफ करण्याचं काम तिच्या अंगावर पडतं, तेही लगेच. त्यापेक्षा हिशोब द्या. किती पैसे, कोणत्या ऑर्डरचे, कुणाकडून घेतली, तो नंबर अजून फोनमध्ये आहे का. दुकानाचा क्यूआर तिच्या खात्यावर करून टाका, रोख तिच्याकडे. हे तुम्ही स्वतः पुढे केलंत तर तिला पोलीस व्हावं लागणार नाही. मला व्हावं लागलं होतं. खिसे तपासणं, डोळ्यांतली बाहुली बघणं, संडासात जास्त वेळ गेला की दार वाजवणं. नवरा सुधारला तरी ती सवय माझ्या अंगातून जाईना. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे, तिथं बोलल्यावर थोडी सैल झाले. तुमच्या बायकोलाही असं कुणीतरी मिळवून द्या.

पोळीभाजीवाला | गुरुवार, रात्री १०:५०

सांगितलं. मंगळवारी रात्री, मुलगी झोपल्यावर. ती दुसऱ्या दिवसाचे राजमा निवडत होती. हिशोब दिला, २,३०० रुपये. नंबर तिच्यासमोर डिलीट केला. तिला काहीच कळलं नव्हतं आणि तेच तिला जास्त लागलं. म्हणाली, "मी रोज तुझ्यासमोर टिकली लावत होते."

बराच वेळ गप्प होती. मग उठून कालनिर्णयपाशी गेली आणि नखानं गुरुवारची टिकली काढली. शनिवारची काढली. मी म्हटलं, सगळ्याच काढ. तर म्हणाली, "शुक्रवारी ओढली होतीस? नाही ना? मग राहू दे." सकाळी मुलीनं दोन रिकाम्या तारखा बरोबर हेरल्या. त्या दोन दिवशी बाबांचं चुकलं, एवढंच मी सांगितलं. तिनं आणखी विचारलं नाही.

काल हॉस्पिटलला जाऊन आलो, बायको बरोबर होती. सिस्टर म्हणाल्या तसंच डॉक्टर म्हणाले, नाल्ट्रेक्सोन इतक्यात नाही, लघवीची तपासणी करून पुढच्या आठवड्यात बघू. पट्टी त्यांनी ठेवून घेतली. दुकानात कामापुरतंच बोलते आहे माझ्याशी. क्यूआर बदलला.

काका, तुम्ही विचारलंत ते खरं आहे. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या तेव्हापासून मीटिंगला गेलोच नाही. उद्या संध्याकाळी जायचंय. पण तिथं सगळे मला ११ महिनेवाला म्हणून ओळखतात, पाय उचलत नाहीयेत.

पांढराटॅग | गुरुवार, रात्री ११:०२

मी ठाण्याला राहतो. नंबर मेसेजमध्ये पाठवलाय. कल्याण स्टेशनला पुलाखाली साडेसहाला उभा राहतो, तिथून बरोबर जाऊ.