मदत हवी आहे : वसईतल्या चर्चच्या जुन्या मराठी अंकांचं साल आणि ओसीआर

वसई पट्ट्यातल्या एका पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक धर्मग्रामाच्या) मराठी पत्रिकेचे सुटे अंक स्कॅन होत आहेत. मुखपृष्ठं गळाल्यामुळे बऱ्याच अंकांवर महिना आहे, साल नाही.

आतापर्यंत वापरलेल्या खुणा अशा. किंमत आण्यांत असेल तर अंक साधारण एप्रिल १९५७ च्या आधीचा, 'नये पैसे' असेल तर त्यानंतरचा. (छपाईचे जुने ब्लॉक पुढेही वापरत, म्हणून हा पुरावा एकटा पुरत नाही.) ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, म्हणून ती जास्त भरवशाची: १ एप्रिल असेल तर विसाव्या शतकात फक्त १९२३, १९३४, १९४५ आणि १९५६. ख्रिस्तराजाचा सण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दिसला तर अंक १९६९ च्या कॅलेंडर-बदलाआधीचा; नंतर तो सण आगमनकाळाआधीच्या (नाताळपूर्व तयारीच्या काळाआधीच्या) रविवारी गेला.

अडतंय ते १९५७ ते १९६९ मधल्या ईस्टर नसलेल्या महिन्यांत. बाप्तिस्मा-लग्नाच्या यादीतली नावं रजिस्टरशी जुळवण्यापेक्षा कमी वेळाचा मार्ग आहे का?

दुसरं, ओसीआर, म्हणजे स्कॅनच्या चित्रातून मजकूर वाचून घेणं. स्कॅन ४०० डीपीआय, ग्रेस्केल टिफ फाइली; वाचायला टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामचं मराठी मॉडेल. गद्य बरं येतं, पण सामवेदी या वसईतल्या बोलीतल्या मजकुराचं ते 'शुद्ध' मराठी करून टाकतं! शब्दयादी जोडून फरक नगण्य. अशा मजकुरासाठी कुणी मॉडेल पुन्हा प्रशिक्षित केलंय का? त्यासाठी नमुन्याच्या किती ओळी लागल्या?

गंजलेल्या पिना काढल्या आहेत, चिकटपट्टी लावलेली नाही. तेव्हा कागदाबद्दल नको, वरच्या दोन्हींबद्दलच सांगा.