जुना फिशफाइंडर, नवा जीपीएस : ४८०० बॉडवर कुठले सेंटेन्स (मॉड्यूल पाठवतं त्या माहितीच्या ओळी) ठेवू?

बंदरवायरमन (हर्णै)

नमस्कार मंडळी. बोटींवरची वायरिंग, वायरलेस, फिशफाइंडर (सोनारने मासे दाखवणारं यंत्र) अशी कामं मी करतो. एका नाखवांच्या ट्रॉलरवरचा जुना जीपीएस मेला. त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत, म्हणून यू-ब्लॉक्सचं निओ-एम८एन हे जीपीएस मॉड्यूल छत्रीसारख्या प्लास्टिकच्या डबीत बसवून केबिनच्या टपावर लावलं. मॉड्यूलपुढे मॅक्स३२३२ची (सिग्नलची पातळी जुन्या यंत्रांना चालेल अशी करणारी) पट्टी आहे. तिथून दोन तारा निघतात आणि जुन्या जीपीएससारख्याच फिशफाइंडर आणि व्हीएचएफ रेडिओ या दोघांना जातात.

लॅपटॉपवर ९६०० बॉडला (डेटा पाठवायच्या वेगाला) सगळं झकास दिसतं. पण फिशफाइंडर ४८०० शिवाय ऐकत नाही, त्यात बदलायची सोयच नाही. म्हणून यू-सेंटरमधून (मॉड्यूलच्या सेटिंगचा लॅपटॉपवरचा प्रोग्राम) मॉड्यूल ४८०० वर आणलं. आता फिशफाइंडरवर पोझिशन क्षणभर येते, मग नुसत्या रेघा. वेगाचा आकडा तर गोठल्यासारखा. लॅपटॉपवर पाहिलं तर मधूनमधून ‘टीएक्सबफ अलॉक’ अशी ओळ येते. ही काय भानगड? आणि व्हीएचएफवर पोझिशन अजिबातच येत नाही, एकदाही नाही.

नाखवा म्हणतात नवीन प्लॉटर घेऊन टाकू. पण या फिशफाइंडरचा सोनार अजून खणखणीत आहे आणि बोट चालवणाऱ्या तांडेलाचा हात त्यावरच बसलाय. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, त्याआधी मार्गी लावायचंय.

फर्मवेअरपुणे

मॉड्यूल चांगलं आहे, ते फक्त पाइपात मावेल त्यापेक्षा जास्त ओततंय. ४८०० बॉड म्हणजे सेकंदाला ४८०० बिट. एका अक्षराला स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरं. एम८एन मुळात अमेरिकेचं जीपीएस आणि रशियाचं ग्लोनास या दोन्ही उपग्रह प्रणाल्या पकडतं आणि दर सेकंदाला आरएमसी, व्हीटीजी, जीजीए, जीएसए, जीएसव्ही, जीएलएल असे सगळे सेंटेन्स सोडतं. आरएमसी आणि जीजीए प्रत्येकी साधारण ७०-७५ अक्षरांचे. खरी गर्दी उपग्रहांची यादी देणाऱ्या जीएसव्हीची. एका ओळीत चारच उपग्रह बसतात, त्यामुळे मोकळ्या समुद्रावर दोन्ही प्रणाल्यांच्या मिळून सहासात ओळी सहज होतात. बेरीज ७०० च्या वर जाते. मॉड्यूलचा बफर भरतो, ते सेंटेन्स टाकून देतं आणि ‘टीएक्सबफ अलॉक’ म्हणून तक्रार करतं.

यू-सेंटरच्या कॉन्फिगरेशन व्ह्यूमध्ये एमएसजी उघडा. जीएलएल, जीएसए आणि जीएसव्ही निवडून प्रत्येकासमोरची यूएआरटी१ ची (डेटा तारांवर जातो त्या पोर्टची) खूण काढा आणि दर वेळी सेंड दाबा. पोझिशन आणि वेग देणारे आरएमसी, जीजीए, व्हीटीजी तेवढे राहू देत. मग सेकंदाला दोनशेच्या आत अक्षरं जातील, निम्मी लाइन मोकळी. जीएसव्ही गेल्यामुळे फिशफाइंडरच्या उपग्रहांच्या पानावरचे दांडे दिसणार नाहीत. मासेमारीला त्यांचं काही काम नाही.

हे सगळं ९६०० वर असतानाच करा आणि बॉड रेट पीआरटीमध्ये (पोर्टच्या पानावर) शेवटी बदला. बदलताच लॅपटॉप आंधळा होतो, तिथेही ४८०० करा. मग सीएफजीमध्ये जाऊन सेव्ह करंट कॉन्फिगरेशन, आणि यादीत फ्लॅशही निवडलेलं असू दे. नुसत्या बीबीआरमध्ये (सेलवर टिकणाऱ्या मेमरीत) ठेवलंत तर बॅकअप सेल संपला की सगळं मूळपदावर येईल, आणि तेही भर समुद्रात.

सर्किटसागर

एवढा खटाटोप कशाला? रेटमध्ये १००० चं २००० मिलिसेकंद करा, दोन सेकंदांत ९६० अक्षरं जातील. झालं काम.

फर्मवेअरपुणे

चालेल, पण धक्क्याला लागताना वेगाचा आकडा दोन सेकंद शिळा असेल. आणि ज्या जीएसव्हीला कोणी विचारत नाही त्यासाठी आरएमसीला रांगेत का उभं करायचं?

निवृत्त_ईटीओ (अलिबाग)

व्हीएचएफचा प्रश्न वेगळा आहे, त्याकडे कोणी पाहिलंच नाही. फिशफाइंडर अधूनमधून का होईना वाचतोय, म्हणजे तारा आणि पोलॅरिटी तोवर बरोबर आहे. व्हीएचएफच्या डेटा-इनपुटच्या ए तारेला मॅक्स३२३२चं आउटपुट आणि बी तारेला ग्राउंड आहे ना, तेवढं एकदा तपासा. ते ठीक असेल तर माझा संशय सेंटेन्सच्या पहिल्या दोन अक्षरांवर. दोन प्रणाल्या मिळून पोझिशन काढली की मॉड्यूल ‘जीपी’ ऐवजी ‘जीएन’ लावून आरएमसी पाठवतं. जुने रेडिओ फक्त ‘जीपी’ ओळखतात, बाकीचं बिनबोभाट फेकून देतात.

ग्लोनास बंद करूनही ‘जीपी’ येईल, पण उपग्रह का गमवायचे? कॉन्फिगरेशनमध्ये एनएमईए (सेंटेन्सच्या साच्याचं पान) उघडा, मेन टॉकर आयडी, म्हणजे हीच पहिली दोन अक्षरं, जीपी करा. व्हर्जनही खाली आणून २.३ ठेवा. तिथेच एनएव्ही५ मध्ये डायनॅमिक मॉडेल ‘सी’ करून घ्या. बोट उंचीवर चढत नाही हे मॉड्यूलला कळलेलं बरं.

आणि बंदरवायरमन, व्हीएचएफचं हे काम ऐच्छिक समजू नका. रेडिओवरचं संकटाचं लाल बटण दाबलं की चॅनल ७० वरून एमएमएसआय या ओळख नंबराबरोबर ही पोझिशन जाते. ती नसेल तर आपला ४१९ ने सुरू होणारा नंबर कळेल, बोट कुठे आहे ते कळणार नाही.

बंदरवायरमन (हर्णै)

पुणेकर, अलिबागचे काका, दोघांचेही आभार. तीन सेंटेन्स ठेवले, टॉकर जीपी केला, सेव्ह केलं. फिशफाइंडरवर पोझिशन आणि वेग न अडखळता चालू. व्हीएचएफवरही पोझिशन आली. बॅटरीची तार काढून रात्रभर ठेवली, सकाळी सगळं जसंच्या तसं. नाखवा प्लॉटरचं नाव काढत नाहीत.

एकच राहिलं. व्हीएचएफवर वेळ साडेपाच तास मागे आहे. ती मॉड्यूलमध्ये कुठे बदलायची?

निवृत्त_ईटीओ (अलिबाग)

मॉड्यूलला हात लावू नका. आरएमसीत वेळ यूटीसीच (जागतिक प्रमाणवेळ) असते आणि डिस्ट्रेस कॉलमध्येही यूटीसीच जाते. रेडिओच्या मेनूत टाइम ऑफसेट असेल, तिथे +५:३० द्या. नसेल तर तांडेलाला सांगा, घड्याळ मनगटावरचं बघ.