अमेरिकेतील पूल: निधीची चणचण की देखभालीची हेळसांड?

प्रश्न
२८ जानेवारी २०२२ रोजी सकाळी पिट्सबर्गमधील फर्न हॉलो पूल वरच्या बससह कोसळला. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बायडेन पायाभूत सुविधांविषयी बोलण्यासाठी त्या शहरात येणार होते. इतक्या श्रीमंत देशात पैसा खरोखरच अपुरा पडतो, की तो योग्य जागी पोहोचत नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १
पैसा अपुरा पडतो, हे खरेच आहे. केंद्राचा महामार्ग निधी मुख्यतः इंधनकरावर चालतो आणि पेट्रोलवरील हा कर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंट इतकाच आहे. तो महागाईशी जोडलेला नसल्यामुळे डांबर, पोलाद आणि मजुरी महागत गेली तसतशी त्याच रकमेत होणारी कामे कमी होत गेली. शिवाय गाड्याही पूर्वीपेक्षा कमी इंधन पितात. २००८ पासून ही तूट सर्वसाधारण तिजोरीतून भरून काढावी लागत आहे. करवाढीचे नाव काढण्यास कोणताही पक्ष धजावत नाही, हे मला सर्वांत घातक वाटते.

उत्तर २
वरील मुद्दा मान्य आहे, परंतु फर्न हॉलोची कथा वेगळी आहे. त्याचे पोलाद असे होते की वरचा गंजाचा पातळ थरच आतल्या धातूचे रक्षण करतो. मात्र त्यासाठी ते अधूनमधून कोरडे व्हावे लागते. तेथे पाणी वाहून नेणारे मार्ग तुंबले, पुलाच्या पायांशी पालापाचोळा आणि ओल साचून राहिली, आणि गंजाने पोलादाला भोके पाडली. तपासनीसांनी वर्षानुवर्षे अहवालांत साफसफाई व दुरुस्ती सुचवली होती, पण पुलाची मालकी असलेल्या शहराने ती केली नाही. पाण्याची वाट मोकळी करण्यास केवढासा खर्च आला असता! नवा पूल मात्र त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खुला झाला. सुदैवाने त्या दुर्घटनेत कोणी दगावले नाही, एवढेच.

उत्तर ३
सर्वच दुर्घटना देखभालीच्या माथी मारू नयेत, ही विनंती. १ ऑगस्ट २००७ रोजी मिनियापोलिसमधील आय-३५डब्ल्यू महामार्गाचा पूल मिसिसिपी नदीत कोसळून १३ जणांचा मृत्यू झाला. तेथे सांध्यांवरील काही गसेट प्लेट (तुळया एकमेकींना जोडणारे पोलादी पत्रे) मूळ आराखड्यातच हव्या होत्या त्याच्या निम्म्या जाडीच्या होत्या. पुढे पुलावर वाढवलेले वजन आणि त्या दिवशी दुरुस्तीसाठी रचलेले साहित्य यांचा भार त्यांना पेलला नाही.

उत्तर २ लिहिणाऱ्यांकडून
उत्तर ३ मधील मुद्दा मान्य आहे. तरीही १९६७ मध्ये ओहायो नदीवरील सिल्व्हर ब्रिज हा पूल कोसळून ४६ जण दगावल्यानंतर देशभर पुलांची नियमित तपासणी सुरू झाली, ती अहवाल फायलीत ठेवण्यासाठी नव्हे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने पुलांसाठी मोठी रक्कम दिली आहे. तिच्यातून नव्या बांधकामाआधी जुन्या अहवालांतील प्रलंबित कामे व्हावीत, असे माझे आग्रहाचे मत आहे.