केईएम कोणी उभं केलं? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-१०४: सुप्रभात मंडळी. केईएमला १०० वर्षं झाली त्याचा फोटो आलाय. काही म्हणा, इंग्रजांनी परळच्या गरिबांसाठी फुकट हॉस्पिटल बांधून दिलं, एवढं तरी मानलं पाहिजे.

बी-६०२: बरोबर काका, नावच किंग एडवर्ड आहे ना.

ए-३०२: नाही हो काका, हे मनाला लागतं म्हणून लिहिते. नाव राजाचं आहे, पैसा राजाचा नाही. एडवर्ड १९१० ला गेला, त्याच्या स्मारकासाठी मुंबईकरांनीच वर्गणी काढली. आणि हॉस्पिटलला जोडलेल्या मेडिकल कॉलेजला पैसे आले सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीतून, म्हणून जी.एस. मेडिकल. ट्रस्टींनी अटच घातली होती की शिकवणारे डॉक्टर भारतीयच पाहिजेत आणि सरकारी नोकरीतले नकोत, कारण तेव्हा आपला डॉक्टर कितीही हुशार असला तरी वरच्या खुर्च्यांवर गोरे अधिकारीच बसायचे. ही अट मान्य झाली आणि १९२६ च्या जानेवारीत हॉस्पिटल सुरू झालं. चालवायची जबाबदारी म्युनिसिपालटीची, म्हणजे आपल्याच करातून.

सी-२०१: अरे वा, हे माहीतच नव्हतं. पहिले डीन जीवराज मेहता ना, जे पुढे गुजरातचे मुख्यमंत्री झाले?

ए-३०२: तेच. आणि मोठमोठे डॉक्टर ऑनररी असायचे, बाहेर प्रॅक्टिस करायची आणि इथे बिनपगारी वॉर्ड बघायचे. गरिबाला फुकट मिळायचं ते या जिवावर.

डी-५०३: बाजूचं वाडिया हॉस्पिटल पण तेव्हाचंच का?

ए-३०२: हो, बाळंतपणाचं १९२६ आणि मुलांचं १९२९. गिरणीतल्या बायका डोळ्यासमोर ठेवून. माझी आजी गिरणीत वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर होती, पहिली दोन बाळंतपणं लालबागच्या खोलीत सुईणीच्या हातून झाली, त्यातलं एक मूल राहिलं नाही. तिसऱ्या वेळी १९३२ ला शेजारच्या बाया तिला वाडियात घेऊन गेल्या, तिथे माझी आई जन्मली. आजी सांगायची, कुणी एक पैसा मागितला नाही, आणि पांढरी चादर बघून तिला आधी वाटलं आपल्याला चुकून दुसऱ्या कुणाच्या खाटेवर झोपवलंय.

ए-१०४: वहिनी, वाचून गलबलून आलं. मी चुकीचं लिहिलं, मागे घेतो.

ए-३०२: अहो काका तसं नका म्हणू, आपल्या शाळेत कुठे कोणी शिकवलं हे. आमच्याकडे आजीची औषधाची बाटली अजून आहे. मिक्स्चरसाठी बाटली घरून न्यायची, कंपाउंडर भरून द्यायचा आणि डोस कळावा म्हणून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा, तिचा पिवळा डाग काचेवर तसाच आहे. आजी ती घासायची पण डाग काढायची नाही.

बी-६०२: काकू, मुलांना दाखवायला आणाल का खाली? माझ्या मुलीचा शाळेत परळवर प्रोजेक्ट आहे.

ए-३०२: रविवारी सकाळी आणते. पण हातात मी धरीन, काच फार पातळ आहे.